खडकांची लिपी वाचणारा शास्त्रज्ञ : दाराशा वाडिया

सह्याद्रीच्या पायथ्याशी, कर्जत तालुक्यात, पोशीर नावाचे एक गाव आहे. याच नावाची नदी या भागातून वाहत जाऊन उल्हास नदीस मिळते. पूर्वेस सह्याद्रीची उंच भिंत, पश्चिमेस माथेरानचा डोंगर आणि मध्ये भाताची खाचरे, असा हा मुलूख आहे. उन्हाळ्यात नदीचे पाणी आटले, म्हणजे पात्रातील काळा कातळ उघडा पडतो. गुराखी त्यावर बसून न्याहारी करतो, बायका त्यावर धुणे धुतात. हा कातळ येथे कोठून आला, तो किती जुना आहे, त्याच्या पोटात काय दडले आहे, असले प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाहीत.

परंतु ज्याला खडकांची लिपी वाचता येते, त्याला हाच कातळ मोठी कथा सांगतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीस भेगा पडून त्यांतून तप्त शिलारसाचे लोटच्या लोट बाहेर पडले. ते एकावर एक थिजत गेले आणि आपल्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्या थरांखाली झाकला गेला. पोशीरचा कातळ हा त्याच शिलारसाचा झालेला बसाल्ट खडक होय.

आपल्या देशात खडकांची ही लिपी ज्यांना उत्तम अवगत होती, त्यांत दाराशा नोशेरवान वाडिया यांचे नाव अग्रभागी आहे. हिमालयाची घडण कशी झाली, हे कोडे सोडविण्यात त्यांनी मोलाची भर घातली. आणि पासष्टी उलटल्यानंतर, ज्या वयात माणसे विसावा शोधतात त्या वयात, स्वतंत्र भारताला लागणारी दुर्मिळ किरणोत्सारी खनिजे हुडकून काढण्याच्या कार्याची धुरा त्यांनी आपल्या खांद्यावर घेतली. त्यांचे चरित्र उद्बोधक आहे.

दाराशांचा जन्म ऑक्टोबर १८८३ मध्ये सुरत येथे एका पारशी कुटुंबात झाला. वाडिया घराणे जहाजबांधणीसाठी फार पूर्वीपासून विख्यात होते. या घराण्यातील कुशल कारागिरांनी मुंबईच्या गोदीत बांधलेली सागवानी जहाजे दूरदूरच्या समुद्रांवर फिरत असत. दाराशांचे वडील मात्र रेल्वेत स्टेशनमास्तर होते. त्यांची नेमणूक आडवळणाच्या स्टेशनावर असल्यामुळे जवळपास चांगली शाळा नव्हती. म्हणून दाराशांना सुरतेस आजीजवळ ठेवण्यात आले आणि त्यांचे प्राथमिक शिक्षण तेथेच झाले. ते अकरा वर्षांचे असताना कुटुंब बडोद्यास राहावयास आले.

बडोदे हे त्या काळी महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत विद्येचे माहेरघर बनत चालले होते. शाळा, महाविद्यालय आणि नव्याने उभारलेले वस्तुसंग्रहालय यांमुळे जिज्ञासू मुलाला तेथे कशाचीच वाण नव्हती. दाराशांचे वडीलबंधू मुंचेरशा हे शिक्षणक्षेत्रातील जाणकार गृहस्थ होते. त्यांच्या सहवासात धाकट्या भावाला वाचनाची, निरीक्षणाची आणि निसर्गात हिंडण्याची गोडी लागली.

दाराशा बडोद्याच्या शाळेत शिकत असतानाच, हजारो मैल दूर असलेल्या पॅरिस नगरीत एक विलक्षण घटना घडली. १८९६ साली आंरी बेकेरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने काळ्या कागदात गुंडाळलेल्या छायाचित्राच्या काचेवर युरेनियमयुक्त क्षार ठेवले होते. त्यावर ऊन पडले नव्हते, तरीही काचेवर क्षारांचा ठसा उमटला. युरेनियममधून डोळ्यांना न दिसणारे किरण आपोआप बाहेर पडतात, असे यावरून सिद्ध झाले. दोनच वर्षांनी मेरी क्यूरी आणि तिचे पती पिएर यांच्या ध्यानात आले, की पिचब्लेंड नावाचे काळे, जड खनिज त्यातील युरेनियमच्या मानाने पुष्कळच अधिक किरण बाहेर टाकते. त्या खनिजात आणखी काहीतरी दडलेले असले पाहिजे, असा तर्क त्यांनी केला आणि त्यातूनच पोलोनियम व रेडियम या दोन नव्या मूलद्रव्यांचा शोध लागला. रेडियमचा क्षार वेगळा काढण्यासाठी त्यांनी एका गळक्या छपरीत खनिजाचा टनावारी चोथा उकळला, ढवळला, गाळला. इतक्या कष्टांनंतर, १९०२ साली, त्यांच्या हाती एक ग्रॅमचा जेमतेम दहावा हिस्सा आला. जे पदार्थ असे किरण आपोआप बाहेर टाकतात, त्यांना किरणोत्सारी पदार्थ म्हणतात.

बेकेरेलला तो ठसा दिसला, तेव्हा दाराशा अवघे बारा वर्षांचे होते. या अदृश्य किरणांशी आपला पुढे किती निकटचा संबंध येणार आहे, याची त्यांना तेव्हा कल्पनाही नसेल.

बडोद्याच्या महाविद्यालयात दाराशांनी प्रथम वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेऊन १९०३ साली पदवी मिळविली. परंतु त्यांचे मन ओढ घेत होते ते भूगर्भशास्त्राकडे. म्हणून १९०५ साली त्यांनी त्या विषयासह पुन्हा पदवी घेतली आणि १९०६ साली ते एम. ए. झाले. त्या काळी आपल्याकडे भूगर्भशास्त्र शिकविण्याच्या सोयी अगदी तुटपुंज्या होत्या. वस्तुसंग्रहालयातील दगड हाताळावेत, पुस्तके मिळवून वाचावीत आणि स्वतःच विचार करावा, अशा रीतीने दाराशांचे बरेचसे शिक्षण झाले.

१९०७ साली जम्मू येथील प्रिन्स ऑफ वेल्स महाविद्यालयात त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. महाविद्यालयापासून थोड्याच अंतरावर शिवालिकच्या टेकड्या सुरू होत होत्या आणि त्यांच्यामागे पीर पंजाल व हिमालय यांच्या रांगा एकामागून एक उभ्या होत्या. सुट्टी लागली, की दाराशा हातोडी, होकायंत्र आणि टिपणवही घेऊन पर्वतात शिरत. शिवालिकच्या थरांत त्यांना प्राचीन काळच्या एका हत्तीचे जीवाश्म सापडले. त्याचा सुळा सुमारे ३ मीटर लांबीचा होता. या नामशेष प्राण्याला शास्त्रज्ञांनी गणेशाचे नाव दिलेले आहे. जम्मूत ते चौदा वर्षे राहिले. विद्यार्थ्यांना शिकविताना भारतातील खडकांची समग्र माहिती देणारे सोपे पुस्तक नाही, ही उणीव त्यांना जाणवली. तेव्हा त्यांनी ते स्वतःच लिहिले. १९१९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा भारताच्या भूगर्भरचनेवरील इंग्रजी ग्रंथ पुढे कित्येक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासला.

१९२१ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, दाराशांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या सरकारी खात्यात प्रवेश केला. आता पर्वतात हिंडणे हेच त्यांचे काम झाले. वायव्येकडे हिमालयाची रांग नंगा पर्वताजवळ एकाएकी वळते आणि गुडघ्यात दुमडलेल्या पायासारखी दक्षिणेकडे झुकते. ती अशी का वळावी? दाराशांनी काश्मीर व हजारा भागातील दऱ्याखोरी पायाखाली घातली, खडकांचे थर कोणत्या दिशेस कलले आहेत याच्या नोंदी केल्या आणि १९३१ साली आपला निष्कर्ष मांडला. दक्षिणेकडील अतिप्राचीन, कठीण भूभागाची एक जीभ तेथे उत्तरेकडे घुसलेली आहे. वर उचलली जाणारी पर्वतरांग तिला अडली आणि तिच्याभोवती वळसा घालून दोन्ही अंगांना वाकली. या संशोधनामुळे जगभरच्या भूगर्भशास्त्रज्ञांत दाराशांचे नाव झाले.

१९३८ साली या खात्यातून निवृत्त होऊन ते सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, सरकारी खनिजतज्ज्ञ म्हणून गेले. त्या बेटाच्या खडकांत व वाळूंत थोरियम या किरणोत्सारी मूलद्रव्याची खनिजे सापडतात. त्यांपैकी थोरियानाइट हे खनिज आनंद कुमारस्वामी यांनी १९०४ साली तेथेच प्रथम ओळखले होते. कुमारस्वामी पुढे कलासमीक्षक म्हणून जगाला परिचित झाले. परंतु त्यांच्या आयुष्याचा आरंभ भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून झाला होता. सिलोनमध्ये काही वर्षे काढून दाराशा मायदेशी परतले आणि १९४५ साली भारत सरकारचे सल्लागार झाले.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. दुसऱ्याच वर्षी, ऑगस्ट १९४८ मध्ये, डॉ. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली अणुशक्ती आयोगाची स्थापना झाली. अणूच्या पोटातील शक्तीपासून वीज निर्माण करावी, हे डॉ. भाभांचे स्वप्न होते. एक किलोग्रॅम विभाजनक्षम युरेनियममधील सगळे अणू फुटले, तर सुमारे अडीच ते तीन हजार टन कोळसा जाळावा तितकी उष्णता मिळते. पण हे युरेनियम आणावयाचे कोठून? दुसऱ्या महायुद्धानंतर युरेनियमच्या साठ्यांवर बड्या राष्ट्रांची करडी नजर होती. परक्याच्या दारी जाऊन मागावे, तर त्याच्या अटी मान्य कराव्या लागणार. आपल्याच भूमीत ते शोधणे, हाच स्वावलंबनाचा मार्ग होता. म्हणून १९४९ साली दुर्मिळ खनिजांच्या सर्वेक्षणासाठी एक स्वतंत्र पथक स्थापन झाले आणि त्याचे नेतृत्व दाराशांकडे आले. हेच पथक पुढे अणुखनिज विभाग म्हणून ओळखले जाऊ लागले.

एवढ्या अफाट देशात हे खनिज हुडकणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधण्यासारखे काम. ते पार पाडण्यास प्रथम कोठे शोधावे, याचा विचार करावा लागतो. येथेच भूगर्भशास्त्राचा उपयोग होतो. शिलारस थिजताना त्यातील बहुतेक द्रव्यांचे स्फटिक लवकर बनतात. युरेनियमचा अणू मोठा असल्यामुळे त्याला या स्फटिकांत सहजासहजी जागा मिळत नाही. तो मागे मागे राहतो आणि सर्वांत शेवटी थिजणाऱ्या रसात गोळा होतो. त्यामुळे ग्रॅनाइटसारख्या खडकांत व त्यांच्या शिरांत युरेनियम अधिक आढळते. बसाल्टमध्ये मात्र टनामागे एक ग्रॅमही सहसा नसते. म्हणून पोशीरच्या पात्रात किंवा सह्याद्रीच्या कड्यांवर युरेनियमचा साठा शोधण्यात हशील नाही. हे मूलद्रव्य पाण्याबरोबरही प्रवास करते. प्राणवायू असलेल्या पाण्यात ते विरघळते आणि जेथे प्राणवायू संपतो, तेथे पुन्हा साक्याच्या रूपाने बसते. यास्तव ज्या अतिप्राचीन खडकांना प्रचंड दाबाने तडे गेले आहेत आणि ज्यांतून पूर्वी खनिजयुक्त पाणी वाहिले आहे, असे प्रदेश शोधकाला विशेष आशादायक वाटतात.

प्रदेश निवडल्यावर प्रत्यक्ष खनिज ओळखावयाचे. पिचब्लेंड दिसावयास डांबरासारखे काळे व तुळतुळीत असते. हातात घेताच ते आकाराच्या मानाने फार जड वाटते. ग्रॅनाइटच्या तेवढ्याच तुकड्याच्या दुप्पट-तिप्पट त्याचे वजन भरते. खडबडीत चिनी मातीच्या फरशीवर घासले, तर त्याची रेघ तपकिरी-काळी उमटते. लोहचुंबकाने ते लोहखनिजासारखे ओढले जात नाही. उघड्यावर ऊनपावसात राहिलेल्या युरेनियमच्या खनिजांवर पिवळे, हिरवे, नारिंगी पापुद्रे धरतात. त्यांतील काही पापुद्रे अतिनील प्रकाशात हिरवट तेजाने चमकतात. जवळच्या गारगोटीचा रंगही अनेक वर्षे किरण खाऊन धुरकट झालेला असतो.

तथापि डोळ्यांवर सर्वस्वी विसंबून चालत नाही. त्यासाठी गायगर गणित्र नावाचे यंत्र वापरतात. त्याच्या नळीत वायू भरलेला असतो. किरण आत शिरला, की क्षणभर विजेचा प्रवाह वाहतो आणि टिक् असा आवाज होतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयाची असते. हे यंत्र कोठेही नेले, तरी मधूनमधून टिकटिक करतेच; कारण जमीन, विटा आणि आकाश यांतून थोडे किरण सर्वत्र येत असतात. म्हणून आधी साध्या जागी मिनिटाला किती टिकटिकी होतात ते मोजून लिहून ठेवावे लागते आणि मग संशयित खडकाजवळ मोजलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहावा लागतो. आवाज वाढला, म्हणजे युरेनियमच सापडले असेही नव्हे. थोरियममुळे किंवा विशिष्ट प्रकारच्या पोटॅशियममुळेही तो वाढतो. शेवटचा निर्णय प्रयोगशाळेतील पृथक्करणानेच द्यावयाचा असतो. एका आवाजाने हुरळून जावयाचे नाही आणि शंका फिटेपर्यंत निष्कर्ष काढावयाचा नाही, ही शिस्त या कामात पदोपदी पाळावी लागते.

आता प्रश्न उरतो सुरक्षिततेचा. किरणोत्सारी पदार्थांचा धोका माणसाला उशिरा कळला आणि त्याची किंमतही मोजावी लागली. बेकेरेलने १९०१ साली रेडियमची नळी खिशात ठेवली, तेव्हा त्याची कातडी भाजली. मेरी क्यूरीने आयुष्यभर उघड्या हातांनी ही द्रव्ये हाताळली. १९३४ साली ती रक्ताच्या आजाराने निवर्तली आणि या आजाराचे कारण दीर्घकाळ सोसलेले किरण हेच असावे, असे मानले जाते. तिच्या टिपणवह्या आजही किरणोत्सारी असल्यामुळे शिशाचे अस्तर असलेल्या पेट्यांत ठेवलेल्या आहेत.

या अनुभवातून नियम तयार झाले. पहिला नियम काळाचा: अशा खनिजाजवळ आवश्यक तेवढाच वेळ थांबावे. दुसरा अंतराचा: दुप्पट दूर गेले, तर लहानशा नमुन्यापासून येणारे किरण चौथाई होतात, म्हणून नमुना अंगाशी धरू नये. तिसरा आडोशाचा: काही किरण कागदानेही अडतात, काही पातळ पत्र्याने अडतात, परंतु सर्वांत भेदक किरणांना थोपविण्यास शिशाची किंवा काँक्रीटची जाड भिंत लागते. जे किरण कातडीने बाहेरच थोपविले जातात, तेच धूळ होऊन श्वासावाटे फुप्फुसात शिरले, तर अधिक घातक ठरतात. म्हणून नमुना फोडताना तो ओला करावा, हातमोजे घालावेत, नाकावर पट्टी बांधावी आणि कामाच्या जागी काही खाऊपिऊ नये. नमुना बंद पिशवीत घालून त्यावर जागा, दिनांक व गणित्राचा आकडा लिहावा. काम संपताच हात स्वच्छ धुवावेत. अशा खनिजांतून रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू पाझरत असतो. यास्तव नमुने झोपण्याच्या खोलीत ठेवू नयेत. हवेशीर, कुलूपबंद जागी ठेवावेत. आपल्या देशात कायद्याने या खनिजांवर सरकारचे नियंत्रण आहे. ती गोळा करणे हे प्रशिक्षित व अधिकृत माणसांचे काम होय. एखाद्याला संशयास्पद दगड दिसला, तर त्याने तो जागचा न हलविता ठिकाण नीट ध्यानात ठेवावे आणि योग्य अधिकाऱ्यांस कळवावे, हेच शहाणपणाचे.

दाराशांच्या पथकापुढे काही जुने धागेदोरे होते. बिहारातील गया जिल्ह्याच्या अभ्रकाच्या प्रदेशात पिचब्लेंडचे गोळे पूर्वीच सापडले होते. दक्षिणेस त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट हे थोरियमयुक्त खनिज होते. त्याच्या शोधाची हकीकत मोठी मनोरंजक आहे. त्रावणकोरहून युरोपात काथ्या जात असे. १९०९ साली शोमबर्ग नावाच्या एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्या काथ्याला चिकटलेले पिवळसर वाळूचे कण तपासले आणि ते मोनाझाइट आहे हे ओळखले. त्या काळी गॅसबत्तीच्या जाळीसाठी थोरियम लागत असे. तेव्हा आपल्या किनाऱ्यावरील वाळू जहाजे भरभरून परदेशी जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर ही संपत्ती देशातच राखण्याचे धोरण ठरले. १९५० साली त्यासाठी इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी निघाली आणि १९५२ साली केरळातील आळवा येथे मोनाझाइट शुद्ध करण्याचा कारखाना सुरू झाला. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही काळी वाळू आहे. तिच्यात मुख्यतः इल्मेनाइट हे खनिज असून मोनाझाइट अत्यल्प आहे.

परंतु खरे आव्हान होते ते युरेनियमचे. बिहारच्या सिंगभूम भागात, जो आज झारखंड राज्यात आहे, तांब्याच्या खनिजाचा एक लांबच लांब पट्टा आहे. तेथील खडक अतिप्राचीन असून प्रचंड दाबाने चिरडले गेलेले आहेत. अशा जागी युरेनियम असण्याचा संभव मोठा होता. दाराशांच्या नेतृत्वाखालील भूगर्भशास्त्रज्ञांनी गणित्रे घेऊन हा पट्टा पालथा घातला आणि १९५१ साली जादुगुडा येथे युरेनियमचा साठा सापडला. हे खनिज उंची प्रतीचे नव्हते. टनभर खडकातून किलोग्रॅमभरही युरेनियम निघत नव्हते. पण ते आपले होते आणि खाण काढण्याइतके मुबलक होते. साठा किती खोल व किती रुंद आहे, हे ठरविण्यासाठी तेथे पुढे कित्येक वर्षे छिद्रे पाडून तपासणी चालली. १९६७ साली युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी स्थापन झाली व जादुगुडा ही भारतातील युरेनियमची पहिली खाण ठरली. दरम्यान, ऑगस्ट १९५६ मध्ये मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे अप्सरा ही आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक भट्टी सुरू झाली होती.

या यशाला दुसरी बाजूही आहे आणि ती विसरून चालणार नाही. जमिनीत निपचित पडलेले खनिज वर काढले, म्हणजे त्याचा चोथाही सांभाळावा लागतो. कारण रेडियम त्या चोथ्यातच मागे राहते. जादुगुडाच्या परिसरातील आदिवासी गावांनी पुढील काळात आपल्या आरोग्याविषयी आणि जमिनींविषयी गाऱ्हाणी मांडली. त्यांवर चौकश्या झाल्या, न्यायालयातही चर्चा झाली. देशाला शक्ती हवी, हे खरे. पण ती मिळविताना खाणीत उतरणाऱ्या मजुराची व खाणीशेजारी राहणाऱ्या मुलाची काळजी तितक्याच कसोशीने घेतली पाहिजे. गणित्राची टिकटिक खनिज कोठे आहे हे सांगते, तशीच ती धोका कोठे आहे हेही सांगते. दोन्ही ऐकणे हे शास्त्राचे कर्तव्य होय.

दाराशांच्या कार्याचा देशाने व जगाने गौरव केला. १९५७ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय भूगर्भशास्त्रज्ञ होते. १९५८ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण ही पदवी दिली आणि १९६३ साली राष्ट्रीय प्राध्यापक म्हणून त्यांची नियुक्ती केली. १९६४ साली दिल्ली येथे आंतरराष्ट्रीय भूगर्भशास्त्र परिषद भरली. आशिया खंडात ही परिषद प्रथमच भरत होती आणि तिचे अध्यक्षपद एक्क्याऐंशी वर्षांच्या दाराशांनी भूषविले. हिमालयाच्या अभ्यासासाठी एक स्वतंत्र संस्था असावी, ही त्यांची तळमळ होती. १९६८ साली दिल्लीत तिचा आरंभ झाला. पुढे ती देहरादूनला गेली आणि तिला वाडियांचेच नाव देण्यात आले.

अणुखनिजांच्या शोधकार्याशी असलेले त्यांचे नाते अखेरपर्यंत तुटले नाही. १५ जून १९६९ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षात, त्यांचे निधन झाले.

जहाजे बांधणाऱ्या घराण्यात जन्मलेला हा मुलगा खडकांच्या मागे लागला. त्याच्याजवळ आरंभी मोठी प्रयोगशाळा नव्हती, परदेशी विद्यापीठाची पदवी नव्हती. होती ती चालण्याची तयारी, नोंदी ठेवण्याची सवय आणि पुरावा मिळेपर्यंत धीर धरण्याची वृत्ती. याच तीन गोष्टींच्या बळावर दाराशांनी आधी पर्वताचे कोडे सोडविले आणि नंतर देशाच्या भूमीत लपलेली शक्ती शोधून काढली. आपल्या गावच्या नदीतील दगड हाती घेऊन तो कोठून आला असेल, असा विचार करणारा विद्यार्थीही याच वाटेवर पहिले पाऊल टाकीत असतो.

स्वाध्याय

१. दाराशांच्या मनात निसर्गाची गोडी कशी निर्माण झाली?
२. हिमालयाची रांग नंगा पर्वताजवळ का वळते? दाराशांचा निष्कर्ष आपल्या शब्दांत लिहा.
३. पोशीरच्या कातळात युरेनियमचा साठा सापडण्याचा संभव का नाही?
४. गणित्राचा आवाज वाढला, तरी लगेच निष्कर्ष का काढू नये?
५. किरणोत्सारी खनिज हाताळताना पाळावयाचे तीन मुख्य नियम कोणते? प्रत्येकामागील कारण सांगा.
६. देशाला लागणारी खनिजे काढताना कोणाकोणाची काळजी घेतली पाहिजे, असे तुम्हांस वाटते? दहा ओळी लिहा.